शाळाभर आदराची वागणूक आणि मुलांचं मनःस्वास्थ्य: कामाचा क्रम कसा लावायचा

बहुतेक शाळा हे काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी भिंतींवर फलक लागतात, मग सामूहिक प्रतिज्ञा होते, बाहेरून वक्ता बोलावून तासभर व्याख्यान होतं. महिन्याभराने पाहावं तर जिन्यावरची ढकलाढकली, मागच्या बाकांवरची टिंगल आणि स्वच्छतागृहातली दमदाटी होती तिथेच असते. मग शिक्षकखोलीत कोणीतरी म्हणतं, "हल्लीची मुलंच तशी." मुलांवर खापर फोडण्याआधी कामाचा क्रम तपासावा. तो बहुतेक वेळा चुकलेला असतो.

हा लेख मुख्याध्यापकांसाठी आणि ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्या दोन-चार शिक्षकांसाठी आहे. पहिल्या तीन टप्प्यांत मुलांना एकही नियम सांगायचा नाही. हे वाचून अनेकांची चुळबुळ होते, पण पुढचं सगळं तिथेच ठरतं. पहिल्या तीन टप्प्यांना मिळून सहा ते आठ आठवडे धरा आणि उरलेल्यांना वर्ष. त्याहून घाई केली तर शाळेत आणखी एक उपक्रम होतो आणि विसरला जातो.

## टप्पा १: काम कोणाचं ते ठरवा

पाच ते सात जणांचा गट पुरतो. मुख्याध्यापक त्यात हवेतच, आणि नावापुरते नव्हे. मधल्या सुट्टीच्या देखरेखीच्या पाळ्या बदलणं, एखादी तासिका मोकळी करणं हे निर्णय त्यांच्याशिवाय होत नाहीत. लहान वर्गांचा एक शिक्षक, मोठ्या वर्गांचा एक, समुपदेशक असतील तर ते, आणि न शिकवणारं किमान एक माणूस घ्या: शिपाई, साफसफाई करणाऱ्या मावशी, बसमधले मदतनीस, ग्रंथपाल, कोणीही. मुलं शिक्षकांसमोर जशी वागतात तशी यांच्यासमोर वागत नाहीत. कुठल्या कोपऱ्यात काय चालतं ते यांना जास्त ठाऊक असतं.

पंधरवड्यातून एकदा भेटायची वेळ वेळापत्रकातच घाला. "जमेल तसं भेटू" म्हटलं की दुसरी बैठक होत नाही.

सावधान: सगळं काम समुपदेशकावर ढकलू नका. एकेका मुलाशी बोलणं त्यांचं काम आहे. सुट्टीची घंटा झाल्यावर जिन्याच्या वळणावर कोण उभं राहणार, हे ठरवायचा अधिकार त्यांना नसतो.

## टप्पा २: काय, कुठे, केव्हा घडतं ते पाहा

नकाशा. शाळेच्या आवाराचा साधा नकाशा काढा: वर्ग, जिने, व्हरांडे, मैदान, स्वच्छतागृहं, फाटक, बसची जागा. प्रत्येक मुलाला एक प्रत द्या. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा ठिपका, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल. नाव लिहायचं नाही, इयत्ता तेवढी लिहायची. सगळे ठिपके नंतर एका मोठ्या कागदावर उतरवा. त्याआधी शिक्षकांकडूनही असाच नकाशा भरून घ्या आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. शिक्षकांचे लाल ठिपके जिथे गोंधळ ऐकू येतो तिथे पडतात, मुलांचे जिथे कोणी मोठं नसतं तिथे. या दोन कागदांमधला फरक दाखवला की पुढच्या बैठकांमधला निम्मा वाद मिटतो.

प्रश्नावली. "तुला शाळेत त्रास होतो का?" असं विचारलं तर उत्तराचा उपयोग होत नाही. एकाला ढकलणं हा त्रास वाटतो, दुसऱ्याला वर्षभर खेळायला न घेणं हीसुद्धा रोजची गोष्ट वाटते. नेमकी कृती आणि नेमका काळ विचारा: "गेल्या दोन महिन्यांत कोणी तुला नको असलेल्या नावाने हाक मारली का? किती वेळा?" उत्तराचे पर्यायही काळाप्रमाणे द्या: एकदाही नाही, एक-दोनदा, महिन्यातून दोन-तीनदा, आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त. छळाच्या अभ्यासात ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं त्या डॅन ओल्वेउस यांच्या प्रश्नावलीत "महिन्यातून दोन-तीनदा किंवा जास्त" ही छळ मोजायची रेघ धरतात. तीच धरा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते.

दोन प्रश्न हमखास राहून जातात. एक: "तुला काही झालं तर शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील?" इथे कोरी जागा सोडणाऱ्या मुलांची संख्या हा तुमच्या हाती येणारा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. दुसरा: "शाळेतल्या मोठ्यांपैकी कोणी तुला सगळ्यांसमोर कमी लेखलं का?" हा घालायला धीर लागतो. घाला.

सावधान: वर्गशिक्षकांनी स्वतःच्या वर्गाचे कागद गोळा करू नयेत, मुलांना वाटतं अक्षर ओळखलं जाईल. आणि प्रश्नावली देण्याआधीच मुलांना सांगा, "यावर नाव नाही, म्हणून यात लिहिलंस तर आम्हाला तुला मदत करता येणार नाही. मदत हवी असेल तर यांच्याकडे ये." कागद वाचताना मारहाण, लैंगिक छळ किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा उल्लेख सापडला तर काय करायचं, हेही आधीच ठरलेलं असू द्या.

तपासून घ्या: सगळ्यात जास्त लाल ठिपक्यांच्या तीन जागा आणि सगळ्यात वाईट दोन वेळा गटातल्या प्रत्येकाला न बघता सांगता येतात का?

## टप्पा ३: मोठ्यांचं आधी जुळवा

हा टप्पा शाळा बहुधा गाळतात, आणि बाकी सगळं इथेच फसतं.

शिक्षक आणि इतर कर्मचारी, सगळ्यांना एकत्र बसवा. दहा-बारा चिठ्ठ्यांवर रोजचे प्रसंग लिहा. "एक मुलगी दुसरीला रंगावरून नाव ठेवते आणि म्हणते, गंमत केली." "दोघांनी तिसऱ्याची वही लपवलीय, तिसराही हसतोय." "काम सांगितल्यावर मुलाने पुस्तक बाकावर आपटलं." "वर्गाच्या ग्रुपवर एकाचा झोपलेला फोटो फिरतोय." प्रत्येकाने एकेकट्याने, शेजाऱ्याशी न बोलता तीन गोष्टी लिहायच्या: हे किरकोळ की गंभीर? पहिल्या मिनिटात मी काय करीन? मी कोणाला सांगीन?

मग वाचून दाखवा. वही लपवण्याच्या प्रसंगाला एक जण हसून सोडून देईल, दुसरा दोघांना वर्गाबाहेर उभं करील, तिसरा थेट मुख्याध्यापकांकडे पाठवील. मुलांना ही तफावत तोंडपाठ असते. कोणाच्या तासाला काय खपतं हे पहिल्या आठवड्यातच कळतं. शाळेचा खरा नियम तो, बाकी कागदावर.

### तीन गोष्टी वेगळ्या करा

*भांडण* दोन बरोबरीच्यांत होतं, दोघंही चिडलेले असतात. *थट्टा* दोघांनाही हसवते आणि एकाने "पुरे" म्हटल्यावर थांबते. *छळ* ओळखायच्या तीन खुणा आहेत: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं, आणि ताकदीतली तफावत. ताकद म्हणजे अंगातलीच नव्हे. संख्या, वय, लोकप्रियता, भाषा, घरची परिस्थिती, कोणाकडे कोणाचा फोटो आहे, हे सगळं त्यात येतं. ऑनलाइन प्रकारात एकदाच टाकलेला मजकूरही पुढे पाठवला जातो तेव्हा पुन्हा पुन्हा घडतो, म्हणून तिथे "एकदाच तर केलं" हे चालत नाही.

हा फरक करायचा कारण इलाज वेगळा आहे. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढता येतो. छळात तसं केलं तर ज्याला त्रास होतो त्याला पुन्हा त्रास देणाऱ्याच्या समोर बसावं लागतं, तो मान डोलावतो, आणि दार बंद झाल्यावर किंमत मोजतो.

### मोठ्यांनी काय सोडायचं

शिक्षकांनी ठेवलेली टोपणनावं. गुण मोठ्याने वाचून दाखवणं. "तुझी बहीण किती हुशार होती." उपरोध, ज्यावर सगळा वर्ग हसतो आणि एक जण खाली बघतो. हात उचलणं, कान पिळणं, तासभर उभं करणं यांवर तर चर्चासुद्धा नको. मोठं माणूस बळाने मनवतं हे बघितलेलं मूल धाकट्यावर तेच करून बघतं.

एकाची चूक म्हणून सगळ्या वर्गाची सुट्टी कापणं हाही त्याच जातीचा प्रकार आहे. वर्गाचा राग शिक्षकावर निघत नाही, त्या एका मुलावर निघतो. म्हणजे छळ करायला आपणच परवानगी दिली.

हे बोलणं नाजूक असतं. कोणाचं नाव घेऊन सुरुवात केली तर सभा तिथेच संपते. प्रत्येकाने फक्त स्वतःचं एक वाक्य लिहावं, जे तो यापुढे बोलणार नाही. मोठ्याने वाचायची सक्ती नको. पण मुख्याध्यापकांनी आपलं वाचावं. त्यांनी वाचलं की इतरांचीही जीभ सुटते. त्यानंतर सगळ्यांनी पाळायच्या चार-पाच गोष्टी ठरवा: मुलाला नावाने हाक मारणं, चूक शक्यतो बाजूला घेऊन सांगणं, सामूहिक शिक्षा नाही, तक्रार ऐकताना हातातलं काम खाली ठेवणं, देखरेखीच्या पाळीत मोबाइल खिशात.

तपासून घ्या: आठवड्याने तीन कर्मचाऱ्यांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा: "मुलाने येऊन सांगितलं की दोघं माझा डबा रोज घेतात, तर तुम्ही काय कराल?" तीन वेगळी उत्तरं आली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: अपेक्षा मोजक्या आणि करण्याजोग्या

तीन ते पाच. अठ्ठावीस नियमांची यादी कोणाच्याही लक्षात राहत नाही, लिहिणाऱ्याच्याही नाही. आणि "गोंधळ करू नये", "अपशब्द वापरू नयेत" अशी नकारांची माळ नको. काय करायचं ते सांगा. "आदराने वागू", "स्वतःची आणि दुसऱ्याची काळजी घेऊ", "आपलं काम आपण करू" एवढं पुरतं. पण एवढ्यावर थांबलात तर तो नुसता सुविचार होतो. प्रत्येक अपेक्षा दुसऱ्या टप्प्यातल्या लाल जागांवर आणून ठेवा:

- जिन्यावर "आदराने" म्हणजे: डाव्या बाजूने चालायचं, लहान वर्गांना आधी जाऊ द्यायचं, दप्तर पुढे धरायचं.
- स्वच्छतागृहात: दाराशी घोळका करायचा नाही, आत कोणी असेल तर दार हलवायचं नाही, फोन बाहेर.
- वर्गाच्या ग्रुपवर: कोणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, टाकलेला दिसला तर पुढे पाठवायचा नाही आणि मोठ्यांना दाखवायचा.

बघा, "नाही" इथेही आलंच. अगदी टाळायचा हट्ट नको. "नाही"च्या जोडीला करण्याजोगं काहीतरी असलं म्हणजे झालं.

ही वाक्यं मुलांबरोबर बसून लिहा आणि नेहमीच्या वर्गप्रतिनिधींनाच बोलावू नका. ज्यांना वारंवार बाहेर उभं केलं जातं अशी दोन-तीन मुलं त्यात हवीत. नियमांत पळवाट कुठे आहे ते त्यांना लगेच दिसतं.

सावधान: छापायची घाई नको. दोन महिने वापरून बघा. निम्मी वाक्यं बदलतील.

## टप्पा ५: जागेवर नेऊन शिकवा

गणित न येणाऱ्या मुलाला आपण गणित शिकवतो, आणि वागता न येणाऱ्याला ओरडतो. वागणंही शिकवावं लागतं, आणि ते वर्गात बसून शिकता येत नाही. जिन्याची अपेक्षा जिन्यावर शिकवा. दहा मिनिटं पुरतात:

१. अपेक्षा एका वाक्यात सांगा आणि कारण द्या. "घंटा झाली की दोनशे मुलं इथून उतरतात, आणि पहिलीतल्या मुलांना कठड्यापलीकडचं दिसत नाही."

२. शिक्षकाने स्वतः करून दाखवायचं.

३. जवळपास बरोबर, पण चुकीचं असं एक उदाहरण शिक्षकानेच करून दाखवायचं. चुकीचं वागणं मुलांकडून करवून घेऊ नका. हशा होतो आणि लक्षात तेच राहतं.

४. सगळ्या वर्गाने एकदा करायचं.

५. त्याच दिवशी खऱ्या गर्दीत त्या वर्गावर लक्ष ठेवायचं आणि जमलं ते सांगायचं.

सांगताना "शाब्बास, छान!" एवढंच नको. "तू दप्तर पुढे घेतलंस म्हणून मागच्याला लागलं नाही" असं नेमकं. मोठ्या मुलांना चारचौघांत कौतुक नको असतं. त्यांना जाता जाता, हळू आवाजात.

बक्षिसं, गुणपत्रकं, महिन्याचे तारे यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ते त्याच दहा मुलांना मिळत राहतात आणि बाकीच्यांना आपण त्या यादीत कधीच नसणार हे कळतं. वापरायचंच असेल तर ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक काळासाठी वापरा: पुढचे तीन आठवडे, फक्त जिना, सगळ्या वर्गाला मिळून.

प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर हे शिक्षण पुन्हा करा. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एखादा समवयस्क सोबती द्या आणि त्यालाच सगळ्या जागा दाखवायला सांगा.

## टप्पा ६: चुकल्यावर काय

पायऱ्या ठरलेल्या हव्यात आणि मुलांना आधीपासून ठाऊक हव्यात. किरकोळ गोष्टीला वर्गातच उत्तर: जवळ जाणं, नाव हळूच घेणं, अपेक्षेची आठवण देणं, दोन पर्याय देणं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा झाली तर तासानंतर एकट्याशी बोलणं आणि नोंद. मारहाण, धमकी, छळ, लैंगिक स्वरूपाचं वागणं, कोणाच्या जातीवरून, धर्मावरून, शरीरावरून किंवा अपंगत्वावरून हिणवणं हे सरळ ठरलेल्या माणसाकडे, त्याच दिवशी.

शब्द कमी वापरा. चिडलेल्या मुलाला व्याख्यान ऐकू येत नाही. "आत्ता बोलायला नको. पाणी पिऊन ये, दहा मिनिटांनी बोलू" हे वाक्य सगळ्या कर्मचाऱ्यांनी पाठ करावं.

शांत झाल्यावरच्या बोलण्यात चार प्रश्न पुरतात: काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? कोणाकोणाला त्रास झाला? आता ते सावरायला तू काय करशील? "का केलंस?" विचारू नका, त्याला "माहीत नाही" हे एकच उत्तर येतं, नाहीतर बचाव सुरू होतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कृतीत हवं. वही फाडली असेल तर वही उतरवून देणं, अफवा पसरवली असेल तर ज्यांना सांगितली त्यांना खरं सांगणं. सगळ्यांसमोर हात जोडून "सॉरी" म्हणायला लावणं टाळा. ते म्हणणाऱ्याच्या मनात अपमान राहतो आणि ऐकणाऱ्याला दिलासा मिळत नाही.

"एकदा चुकलास की बाहेर" असं धोरण पुष्कळांना आकर्षक वाटतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने अशा धोरणांचा घेतलेला आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या धोरणांमुळे शाळा अधिक सुरक्षित होत असल्याचा पुरावा गटाला सापडला नाही. काही दिवस घरी पाठवावं लागणं वेगळं. इतरांच्या सुरक्षेसाठी ते कधी करावं लागतं. पण मूल परत येईल त्या दिवशी सकाळी त्याला कोण भेटणार, कुठल्या बाकावर बसवणार, ज्याला त्रास झाला त्याला आधी काय सांगणार, हे लिहून ठेवल्याशिवाय पाठवू नका.

## टप्पा ७: सांगायला जागा, आणि सांगितल्यावर उत्तर

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेली असते आणि तिच्यात चिठ्ठी टाकणारा सगळ्या व्हरांड्याला दिसतो. मग ती रिकामी राहते आणि "आमच्याकडे असलं काही नाही" असा निष्कर्ष निघतो. सांगायचे मार्ग तीन-चार हवेत: मुलाने स्वतः निवडलेलं मोठं माणूस, ग्रंथालयासारख्या जागी ठेवलेली पेटी, मित्राकरवी निरोप, घरच्यांकरवी फोन. पेटी रोज उघडायची, आणि कोणी उघडायची ते ठरलेलं हवं.

मूल येऊन सांगतं तेव्हाची पहिली दोन वाक्यं पुढचं सगळं ठरवतात. "लक्ष देऊ नकोस", "तूही काहीतरी केलं असशील", "नंतर बघू" ही तीन वाक्यं बाद. त्याऐवजी: "सांगितलंस ते बरं केलंस. मी लिहून घेते. हे कोणालाच सांगणार नाही असं वचन मला देता येणार नाही, पण कोणाला सांगायचं ते तुला सांगूनच करीन. शाळा सुटायच्या आत पुढचं काय ते तुला कळेल." आणि मग खरंच कळवा. काही ठरलं नसेल तर "अजून ठरलं नाही, उद्या सांगते" एवढं तरी. एकदा उत्तर आलं नाही की ते मूल पुन्हा येत नाही, त्याचे मित्रही येत नाहीत.

### नोंद कशी करायची

"नेहमीप्रमाणे उद्धट वागले" ही नोंद नव्हे, मत आहे. नोंद अशी असते: "मंगळवार, मधली सुट्टी संपताना, दुसऱ्या मजल्याचा जिना. सातवीतल्या तिघांनी पाचवीतल्या एकाचं दप्तर कठड्यावरून खाली टाकलं. चौघं बघत होते, दोघं हसले, एकाने दप्तर वर आणून दिलं. पाचवीतल्या मुलाशी लगेच बोलले. तिघांशी उद्या पहिल्या तासानंतर, वेगवेगळं. पुन्हा विचारपूस: पुढचा मंगळवार."

तिघांशी *वेगवेगळं* बोलायचं, एकापाठोपाठ, मध्ये भेट होऊ न देता. एकत्र बोलावलं तर ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. आणि कोणी सांगितलं ते उघड करू नका. "आम्हाला कळलं आहे" पुरे.

शेवटची ओळ, पुन्हा विचारपूस, ही सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा विचारा. छळ उघड्यावरून थांबतो आणि आडून सुरू होतो, हे नेहमीचं.

### बघणाऱ्यांचं काय

दप्तर टाकल्याच्या त्या नोंदीतले सगळे बघे महत्त्वाचे आहेत. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की छळात फक्त दोन पात्रं नसतात: हात लावणारे मदतनीस, हसून जोर देणारे, बाजूला उभे राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे, असा सगळा वर्गच त्यात असतो. टोरोंटोच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि माइक लावून केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बघ्या मुलांनी फार थोड्या प्रसंगांत मध्यस्थी केली, पण केली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

म्हणून मुलांना "मध्ये पडा" असं मोघम सांगू नका. ताकदवान टोळक्यापुढे एकट्याने उभं राहायला सांगणं धोक्याचंही आहे. पर्याय द्या: हसायचं नाही, त्रास होणाऱ्याला "चल, तुला बोलावलंय" म्हणून तिथून बाहेर काढायचं, मोठ्यांना बोलवायचं, नंतर त्याच्याजवळ जाऊन बसायचं. दप्तर वर आणून देणाऱ्या मुलाला वर्गशिक्षकांनी बाजूला घेऊन सांगावं की ते दिसलं.

सावधान: चुगली आणि मदत यांतला फरक लहान वर्गांपासून सांगा. कोणाला अडकवायला सांगितलं तर चुगली. कोणाला वाचवायला सांगितलं तर मदत.

## टप्पा ८: काहींना जास्त आधार लागतो

वरचं सगळं नीट झालं तरी काही मुलांना ते पुरत नाही. तीन स्तरांच्या मांडणीत ढोबळमानाने ८० टक्के मुलांना सर्वांसाठीच्या व्यवस्था पुरतात, १५ टक्क्यांना थोडा जास्त आधार आणि ५ टक्क्यांना वैयक्तिक मदत लागते असं धरतात. हा अंदाज आहे, कोटा नव्हे. तुमच्याकडे चाळीस टक्के मुलं दुसऱ्या स्तरात जात असतील तर बिघाड पहिल्या स्तरात आहे.

दुसऱ्या स्तराचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे रोजची दोन मिनिटं. सकाळी एक ठरावीक मोठं माणूस मुलाला भेटतं, आजचं एक उद्दिष्ट ठरवतं. शाळा सुटताना तेच माणूस पुन्हा भेटतं. ते माणूस मुलाला आवडणारं हवं. रागावणारंच तेवढं मोकळं आहे म्हणून तेच नेमलं, असं होतं आणि मग उपाय फसतो.

न बोलणाऱ्या मुलांकडे मुद्दाम बघा. ठरावीक वारी गैरहजेरी, सतत पोटदुखी, मधल्या सुट्टीत एकटं वर्गात थांबणं, अचानक घसरलेलं अक्षर, आवडत्या खेळातून काढता पाय, वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं" असलं बोलणं. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर त्याच दिवशी हालचाल: मुलाला एकटं सोडायचं नाही, घरी कळवायचं, तज्ज्ञांकडे पोचवायचं. घरातच धोका असल्याची शंका असेल तर मात्र आधी घरी न कळवता बालसंरक्षणाची कायदेशीर वाट धरा. शिक्षकाने निदान करू नये; बघितलेलं लिहावं आणि योग्य माणसाकडे पोचवावं.

## टप्पा ९: पालक

मूल चुकल्यावरच पहिला फोन गेला तर तो भांडणाचा फोन होतो. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक घरी एक चांगला निरोप जाऊ द्या. प्रसंग घडल्यावर दोन्ही घरच्यांना एकाच खोलीत बोलावू नका, आणि दुसऱ्या मुलाचं नाव किंवा त्याला काय शिक्षा झाली हे सांगू नका. काय बघितलं, काय केलं, पुढे कधी बोलू, एवढं सांगा. पालकांच्या ग्रुपवर कुठल्याही मुलाची चर्चा सुरू झाली तर शाळेने तिथे उत्तर न देता थेट फोन करावा.

## टप्पा १०: महिन्यातून एकदा नोंदी उघडा

नोंदींवरून चार गोष्टी मोजा: कुठे, केव्हा, कोणत्या प्रकारचं, कोणत्या इयत्तेत. मग एकच बदल ठरवा. मंगळवारी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर गर्दी होते? दोन इयत्तांची सुट्टी पाच मिनिटं मागेपुढे करा आणि महिनाभर बघा. मुलांना बदलण्याआधी वेळ, जागा आणि देखरेख बदलून बघणं केव्हाही सोपं.

सुरुवातीच्या महिन्यांत तक्रारी *वाढतील*. घाबरू नका आणि वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. मुलं बोलायला लागली आहेत. प्रश्नावली पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत द्या. परीक्षेच्या तोंडावर घेतलेली आणि सहलीनंतर घेतलेली, यांची तुलना होत नाही.

## गाडी अडली तर कुठे परत जायचं

- तक्रारी येतच नाहीत: टप्पा ७. पेटी कुठे आहे आणि मागच्या तक्रारकर्त्याला उत्तर मिळालं का, ते बघा.
- एका शिक्षकाच्या तासाला सगळं ठीक, दुसऱ्याच्या तासाला गोंधळ: टप्पा ३. चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा करा.
- तीच पाच मुलं पुन्हा पुन्हा नोंदीत: टप्पा ८. शिक्षा वाढवू नका, रोजची दोन मिनिटं सुरू करा.
- सुट्टीनंतर सगळं विस्कटतं: टप्पा ५, पहिल्याच दिवशी, जागेवर नेऊन.
- मुख्याध्यापक किंवा गटातले दोघं बदलून गेले: टप्पा १. नवीन माणसांना नकाशा, चिठ्ठ्या आणि गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी एका फाइलमध्ये द्या, आणि पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीच्या देखरेखीची एक पाळी त्यांच्याकडे लावा.